रात्री २ ते ३ : आराधनेच्या तासाचे अनुभव

केळबाग :
परवा रात्री १ वाजून १२ मिनिटांनी फोन वाजला. आम्ही पुण्यात. बायको म्हणे बघ कोण गेलं. बघतो तर गावच्या आराधना ग्रुपवर मेसेज, "२ ते ३ कोणी आहे का? अंकलना ॲडमिट केलंय, लवकर सांगा." मला वसई सोडून ९ वर्षं झाली, ग्रुप सोडायचा राहूनच गेला, तेव्हा सोडला की सगळ्यांना दिसायचं ना. तर मी उठून बसलो आणि खरं सांगतो, अंधारात पायाने चपला शोधायला लागलो. मग कळलं की आपण चिंचवडला आहोत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. आमच्याकडे चर्चच्या बाजूला छोटं चॅपल आहे, तिथे पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सात (चर्चच्या रोजच्या उपासनेत) अर्पण केलेली भाकर, दिवसरात्र दर्शनाला ठेवलेलं असतं, आणि एकच नियम, ते एकटं ठेवायचं नाही. आठवड्याचे १६८ तास आणि प्रत्येक तासापुढे कोणाचं तरी नाव. गुरुवारी रात्री २ ते ३ आमच्या आईचा. दिवसाचे तास काय कोणीही घेतं. एकट्या बाईने रात्री जायचं नाही म्हणून सोबतीला मी. मी दहावीत. ती पुढे गुडघ्यावर, मी शेवटच्या बाकावर इतिहासाचं पुस्तक घेऊन, आणि दहा मिनिटांत घोरायला चालू.

एकदा ३ ते ४ वाले आलेच नाहीत. पुढचा माणूस येऊन टेकल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. ४ वाजले. ४ ते ५ वाल्या आंटी गावाला गेलेल्या, त्यांचा बदलीचा माणूस कोण ते कोणालाच माहीत नाही, तेव्हा फोन पण सगळ्यांकडे नव्हते. आई हलली नाही. मी दोनदा जाऊन खांदा हलवला, म्हटलं प्रीलिम आहे माझी ८ ला, चल. म्हणाली तू जा घरी. कुत्री होती वाटेत, कसा जाऊ? साडेपाचला फादर मिस्सासाठी आले तेव्हा सुटलो. पेपर बेकार गेला. तिच्याशी चार दिवस बोललो नाही. राग अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

तुमचे तास सांगा. झोपलात ते पण सांगा.

सुकेळी_प्रेमी :
आधी हे सांग ३ ते ४ वाले कोण होते 😂

केळबाग :
नाव नाही सांगणार. दुसऱ्या दिवशी केळ्यांचा अख्खा लोंगर घेऊन आले घरी. आईने घेतला. मी एक केळं खाल्लं नाही.

खारटण :
लोंगर कसला होता? राजेळी असेल तर मी माफ केलं असतं

माऊची_आई :
आमच्यात पेन दोऱ्याने बांधलेलं असायचं रजिस्टरला. तरी चोरीला जायचं. चॅपलमधून!! मी पहाटे ४ ते ५ केलाय तीन वर्षं, लग्नाआधी. खरं कारण असं की घरात सात माणसं दोन खोल्या, मला एक तास शांत बसायला दुसरी जागाच नव्हती. आराधना वगैरे नंतर आली हळूहळू, आधी फक्त पंख्याचा आवाज ऐकत बसायचे, तिसऱ्या फेरीला कर्र करायचा तो. कुकर लावलाय येते परत

टाळकुटा :
मी ख्रिश्चन नाही, लिहिलं तर चालेल ना? बीड जिल्ह्यातलं गाव आमचं. आमच्या हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. गळ्यात अडकवून उभं राहायचं, पहारा असतो, दोन दोन तासांचा, फळ्यावर खडूने नावं. आणि रात्रीचा २ ते ४ कोणाच्या गळ्यात पडतो? ज्याचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं त्याच्या. एका वर्षी माझ्या चुलत्यांच्या पुढचा विणेकरी आलाच नाही, चुलते सकाळपर्यंत वीणा घेऊन. काकू येऊन मंडपात जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. धाग्याचं नाव वाचून वाटलं भलतंच काही असेल, वाचलं तर आमचीच गोष्ट.

केळबाग :
@टाळकुटा लिहायलाच पाहिजे होतं तुम्ही. उभं राहून दोन तास? आईला सांगू नका, ती पण उभी राहील.

रात्रपाळी :
मी नर्स. आमच्या पॅरिशमध्ये रात्रीचे तास पुरुषांनाच द्यायचे असं ठरलेलं. मी म्हटलं मी नाईट करून पहिल्या लोकलने येते, पहाटे ५ ला जागीच असते, मला द्या. दिला शेवटी. युनिफॉर्मवरच जायचे. डोकं पूर्ण रिकामं. एकदा बेड नंबर ११ चे आजोबा गेले त्या रात्री, मी चॅपलमध्ये बसून नुसते बेड नंबर म्हणत होते, १ ते २०, माळेच्या ऐवजी. कोणाला सांगितलं नव्हतं हे कधी.

माऊची_आई :
@रात्रपाळी 🙏 काय बोलू. तीच खरी माळ गं.

बोरिवली_स्लो :
बेसिक प्रश्न. रोज मिस्सा असते तर मग हे वेगळं बसून बघायचं कशासाठी? भांडायला नाही विचारत, मामी कॅथलिक आहे माझी पण ती सांगायला लागली की दोन तास जातात

नंदाखालचा_नातू :
मिस्सात भाकर अर्पण होते, ती ख्रिस्ताचं शरीर होते ही श्रद्धा. मिस्सा संपली म्हणून ते परत भाकर होत नाही. म्हणून उरलेलं तबर्नाकलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या कुलपाच्या पेटीत, ठेवतात, तिथे लाल दिवा जळत असतो तो त्यासाठीच. आराधनेला त्यातली मोठी होस्टिया, म्हणजे भाकरीची गोल चकती, काचेच्या गोल डबीत घालून मॉन्स्ट्रन्समध्ये ठेवतात, सोन्याची किरणं असलेलं ते उंच पात्र. समोर बसायचं, बस. बोलायचंच असं नाही. राखायला माणूस नसेल तर परत आत ठेवावं लागतं, उघडं सोडत नाहीत. ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला तो १२६४ मध्ये, पोप उर्बान चौथे. आणि पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदली रात्र वेगळी, तेव्हा वाडीवाडीला तास वाटून दिलेले असतात, ती सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर गुड फ्रायडेला ही रोजची आराधना बंद, मॉन्स्ट्रन्स रिकामं. लहानपणी मला तो दिवस फार भकास वाटायचा.

बोरिवली_स्लो :
मामीपेक्षा बरं सांगितलंत. पाच मिनिटांत उरकलं

जुनी_एसटी :
आमची आजी १९६४ ला ओव्हल मैदानात गेली होती, मुंबईला ती मोठी युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे याच साक्रामेंतासाठीचा जागतिक मेळावा, भरली तेव्हा. पोप पॉल सहावे आले होते, भारतात आलेले पहिले पोप. लाल लुगडं नेसून आगगाडीने, डब्यात भाकरी आणि सुका जवळा. आम्हाला वाटायचं पोपबद्दल सांगेल. सांगायची काय तर चर्चगेटला चप्पल तुटली आणि एका पारशी बाईने सेफ्टी पिन दिली. ६० वर्षं तीच गोष्ट. पोप कसे दिसले विचारलं तर म्हणायची, "लांब होते."

सुकेळी_प्रेमी :
"लांब होते" 😂😂 आजीला सलाम

खारटण :
सुका जवळा आणि भाकरी आगगाडीत. अख्ख्या डब्याने आराधना केली असेल

टेम्स_काठी :
लंडनला शिकत होतो. मार्बल आर्चपासून पाच मिनिटांवर टायबर्न कॉन्व्हेंट आहे, जिथे पूर्वी फाशी द्यायचे त्या जागेच्या अगदी जवळ. बाहेर डबल डेकर, हॉर्न, शॉपिंगच्या पिशव्या. आत जाळीपलीकडे सिस्टर्स आळीपाळीने आराधनेला, रात्री पण. मी चर्चला जाणं सोडलेलं तेव्हा, अजूनही तसा जात नाही, पण हिवाळ्यात तिथे जायचो. कबूल करतो, आधी हीटरसाठी. एक म्हातारी सिस्टर कायम त्याच जागी, पाठ सरळ. पेपर नापास झालो त्या दिवशी दीड तास बसलो. काही झालं नाही. प्रकाश वगैरे दिसला नाही. बाहेर आलो तर बस चुकली.

पॅरिसरिटर्न :
आम्ही गेलो होतो पॅरिसला, माँमार्त्रच्या साक्रे कर चर्चमध्ये. तिथे १८८५ च्या ऑगस्टपासून आराधना एकदाही तुटलेली नाही, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले तेव्हा पण नाही. नाव नोंदवलं तर रात्री तिथेच मुक्काम करून तास घेता येतो. मिस्टर म्हणाले आयफेल टॉवर बघायला आलोय की जागरण करायला. मी १ ते २ घेतला. हे पण आले शेवटी, माझ्या आधी झोपले 😄

माऊची_आई :
परत आले. कुकरची शिट्टी गेली ती गेलीच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ला क्रॉसच्या फ्रान्सिस्कन सिस्टर्सनी पण १८७८ पासून अशीच अखंड चालवली होती, आमची नणंद तिकडे असते. पण २०२० ला रात्रीचे तास बंद केले, सिस्टर्सची वयं झाली, आता सकाळी ६ ते रात्री १०. मला वाईट पण वाटलं आणि बरं पण वाटलं. कोणीतरी म्हटलं तर खरं, की आता होत नाही.

रात्रपाळी :
@माऊची_आई हे पटलं. आमच्याकडे ७० वर्षांच्या मावश्या तीन तीन तास घेतात कारण तरुणांची नावंच नाहीत रजिस्टरवर. त्याला भक्ती म्हणून टाळ्या वाजवायच्या हे मला नाही पटत. नावं लिहा ना.

बोरिवली_स्लो :
झोपलं तर पाप लागतं का पण? मुख्य प्रश्न राहिला

नंदाखालचा_नातू :
नाही हो. लिझ्यूची संत तेरेजा प्रार्थनेत झोपायची, तिने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणायची झोपलेलं मूल आईबापाला कमी आवडतं का. आणि येशूला पकडलं त्या रात्री गेथसेमनीच्या बागेत तर त्याचा शिष्य पेत्रच झोपला. घोरू नका फक्त, शेजारचा जागा असतो.

तिसरी_मांडवी :
लॉकडाऊनमध्ये चॅपलला कुलूप. आमच्या ग्रुपवर एका अंकलनी सुरू केलं, आपापला तास आपापल्या घरी, सुरू केला की ग्रुपवर मेणबत्तीची इमोजी टाकायची. रात्री ३ ला उठून बघायचे तर एक मेणबत्ती आलेली असायची. चौथीपाचवीतला एक मुलगा होता तो दुपारच्या तासाला केकची इमोजी टाकायचा, कोणी काही बोललं नाही त्याला. माझे पप्पा तेव्हाच गेले. त्यांचा तास मंगळवार १० ते ११ होता, दोन आठवडे तिथे काहीच आलं नाही, मग एकदा मेणबत्ती आली. कोणी टाकली ते मी विचारलं नाही.

जुनी_एसटी :
@तिसरी_मांडवी 🙏

टाळकुटा :
🙏 आमच्या सप्ताहाला या एकदा. पंगतीला पुरणपोळी असते शेवटच्या दिवशी

खारटण :
मी येतो. तास नको, पंगत चालेल

सुकेळी_प्रेमी :
कोणाकडे यंदाची सुकेळी आहे का, आगाशीची? दुकानात भलत्याच भावाने देतात आणि आतून ओली निघतात

खारटण :
पर्सनल मेसेज करतो

माऊची_आई :
अरे पण @केळबाग, परवाचा २ ते ३ मिळाला का कोणाला?? मूळ गोष्ट अर्धीच सोडली तू

केळबाग :
तेच लिहायला आलो. मिटिंग चालू आहे, कॅमेरा बंद करून लिहितोय. ग्रुपवर १ वाजून २० ला कोणीतरी अंगठा टाकला होता, मी नंबर बघितला नाही, झोपलो. सकाळी भावाचा फोन, तणतणत. अंगठा आईचा. दोन्ही गुडघे बदललेत तिचे, डॉक्टरांनी जिने सांगितलेत मोजून, आणि ती रात्री दीडला काठी घेऊन तयार. भाऊ म्हणे मी नाहीच म्हटलं तर म्हणाली तू झोप, मी रिक्षा बघते. रात्री दीडला रिक्षा! मग त्यानेच नेलं स्कूटरवर. त्याचं सकाळी ९ ला बँकेचं ट्रेनिंग होतं.

रात्रपाळी :
३ ला पुढचे आले ना पण?

केळबाग :
सव्वातीनला. तीच ३ ते ४ वाली फॅमिली, तेव्हा न आलेल्या अंकलचा मुलगा. येताना केळी घेऊन आला होता, म्हणे पप्पांनी सांगितलंय, यांना पंधरा मिनिटं जरी थांबवलं तरी द्यायची.

खारटण :
राजेळी?

केळबाग :
राजेळी. भावाने चार खाल्ली चॅपलच्या बाहेरच. आत नाही गेला तो, स्कूटरवर बसून डास मारत होता.

माऊची_आई :
तिथे ओडोमॉस ठेवा म्हणावं रजिस्टरजवळ. दोऱ्याने बांधून.