घरी वॉटर बॉडी बदलल्यापासून कुंभार्ली घाटात गाडी गरम होतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमची 14 फुटी गाडी आहे, 2012 ची, 4 सिलिंडर टर्बो डिझेल. चिपळूण बाजूने जांभा चिरा भरायचा आणि कुंभार्ली घाट चढून पाटण, कराडला टाकायचा, वडिलांपासूनचा धंदा आहे आणि गाडी ही एकच. मागच्या महिन्यात वॉटर बॉडीतून (इंजिनात पाणी फिरवणारा पंप) पाणी ठिबकायला लागलं, पुली हलवून बघितली तर खेळ लागत होता, म्हणून मी आणि मेहुण्याने दोन दिवस गाडी अंगणात उभी करून काम घरीच उरकलं. वॉटर बॉडी नवीन, बेल्ट नवीन, वरचा खालचा दोन्ही होज नवीन, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) नवीन. रेडिएटर पण उतरवला आणि उलट्या बाजूने पाणी मारलं तर लाल गाळ निघाला, चहाच्या चोथ्यासारखा, कारण इतकी वर्षं बोअरचंच पाणी घालत होतो. आता निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर आहे.

तर आता होतंय असं की अंगणात तासभर चालू ठेवली तरी टेंपरेचरचा काटा निम्म्यावरच. कराड पाटण सपाटीला 50 च्या स्पीडने माल असला तरी काही नाही. पण पोफळी सोडली, चढ लागला, गाडी दुसऱ्या तिसऱ्या गिअरवर आली की 15 मिनिटांत काटा लाल पट्ट्याला टेकतो. बाजूला घेऊन 10 मिनिटं सावकाश रेसवर ठेवली की परत खाली येतो, पुढच्या वळणांना पुन्हा तेच. परवा तीनदा थांबलो. साडेपाच टन माल होता, नेहमी तेवढाच असतो, आणि वॉटर बॉडी गळत होती तेव्हासुद्धा असं कधी झालं नव्हतं, हेच मला समजत नाहीये.

काय काय तपासलं ते सांगतो. एअर लॉक असेल म्हणून गाडीचं तोंड चढावर करून झाकण उघडं ठेवून चालू केली, थर्मोस्टॅटजवळचा हवेचा स्क्रू ढिला केला, बुडबुडे संपून सलग पाणी येईपर्यंत थांबलो. थर्मोस्टॅट परत काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला, त्यावर 82 (डिग्री) लिहिलंय आणि साधारण तिथेच उघडला. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच आहे, दुधाळ नाही. पांढरा धूर नाही. सकाळी थंड गाडी झाकण उघडं ठेवून मारली तर बुडबुडे येत नाहीत. बेल्ट टाइट आहे. फॅनभोवतीच्या प्लास्टिकच्या गोल कव्हरचा एक कान तुटला होता म्हणून ते बसवलं नाही, बाकी सगळं जसं होतं तसं लावलंय.

इथला एक मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड उतरवावं लागेल, 40 हजार धरून चल. एवढे पैसे आत्ता नाहीत आणि खरंच गेलं असेल तर गाडी चालवून इंजिन जाम करायचं नाहीये. कुणी घाटात गाडी चालवणारं असेल तर प्लीज सांगा.

---

भाऊ, हेड उतरवू नका अजून. बुडबुडे नाहीत, ऑइल चांगलं, सपाटीला माल घेऊन गरम होत नाही, म्हणजे गॅस्केटचा संशय शेवटी. सपाटीला स्पीडची हवा रेडिएटरला मिळते, घाटात गाडी 15 ने चालते तेव्हा सगळा भार फॅनवर. आणि फॅनचं कव्हरच तुम्ही काढून ठेवलंय! ते नसलं की फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो, रेडिएटरमधून ओढत नाही. ते आधी लावा.

दुसरं, वॉटर बॉडी बदलताना फॅन काढला असणार, तो उलटा तर नाही ना बसला? बऱ्याच फॅनची भोकं दोन्ही बाजूंनी जुळतात. उलटा बसला तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून हात लावून कळत नाही, पण जोर फार कमी होतो. पात्याची खोलगट बाजू इंजिनकडे पाहिजे. गाडी चालू करून रेडिएटरच्या पुढून जाळीला एक कागद लावा, चिकटून राहिला पाहिजे. रेस केल्यावर खालचा होज आत दबतोय का तेही बघा, आणि फॅनजवळ हात, मफलर काही नेऊ नका. गरम असताना झाकण उघडू नका, माझ्या चुलत्यांचा हात त्यातच भाजलाय.

---

दादा, कसे आभार मानू. काल संध्याकाळी कागद लावला, वर्तमानपत्राचं अर्धं पान, तर ते सरळ घसरून खाली आलं. टॉर्च घेऊन आत बघितलं तर पात्यांचा फुगीर भाग इंजिनकडे. मेहुण्याने बोल्ट आवळले होते आणि मीच टॉर्च धरून उभा होतो, दोघांनाही दिसलं नाही. रात्रीच फॅन फिरवून बसवला, कव्हरच्या तुटक्या कानाला पत्र्याची पट्टी रिव्हेट केली. मग तोच कागद लावला तर जाळीला गच्च बसला, ओढून काढावा लागला. होज दबत नाहीये.

आज साडेपाच टनच भरून पोफळीहून निघालो ते हेळवाकपर्यंत कुठेही न थांबता आलो. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला, वर पोचल्यावर पाच मिनिटांत खाली. मिस्त्रीला नको म्हणून कळवलंय.

एक विचारायचं राहिलं, रेडिएटरच्या झाकणावर 0.9 (दाबाचा आकडा) लिहिलंय आणि त्याचं रबर कडक होऊन चिरलंय. नवीन घेताना 0.9 चंच घ्यायचं ना? दुकानदार जास्तीचं चालेल म्हणतोय.