टाकीत 'लिटल' पाणी

सकाळी ७.०५

कुलकर्णी (सेक्रेटरी): डिअर मेंबर्स, देअर इज लिटल वॉटर इन ओव्हरहेड टँक टुडे. काइंडली यूज केअरफुली.

शिंदे ३०१: ओके

सकाळी ८.४०

पाटील वहिनी ५०२: नळ कोरडा!! आमचे हे तोंडाला साबण लावून उभे आहेत.

कुलकर्णी: असं कसं? सात वाजता मी स्वतः वर जाऊन बघितलं. पाव टाकी होती. टँकर येईपर्यंत आरामात पुरायला हवी होती.

ओंकार ६०३: काका, पाव टाकी होती?? तुम्ही 'लिटल वॉटर' लिहिलंत. मी वाचलं आणि आईला उठवलं. पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला. वहिनी, एक बादली खाली पाठवतो.

शिंदे: तुझी आई जिन्यात म्हणाली, पाणी संपतंय. मग आम्हीही भरलं.

देसाई ४०४: आम्हीही. बाळाचा टब पण.

कुलकर्णी: अहो, लिटल म्हणजे थोडं! थोडं आहे, जपून वापरा, एवढंच म्हणायचं होतं.

ओंकार: थोडं म्हणजे 'अ लिटल'.

शिंदे: एका 'अ'पायी टाकी रिकामी? गोखले बाई, तुम्हीच निकाल द्या.

गोखले बाई १०२: फोडणी जळेल, थांबा.

गोखले बाई: हं. ओंकारचं बरोबर आहे. 'टाकीत थोडं पाणी आहे' म्हणजे अ लिटल. 'टाकीत थोडंच पाणी आहे' म्हणजे लिटल. आपल्याकडे वाईट बातमी द्यायची तर 'च' लावावा लागतो. इंग्रजीत 'अ' काढला की झाली वाईट बातमी. मोजायच्या गोष्टींना तेच, अ फ्यू आणि फ्यू. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन धिस बिल्डिंग' म्हणजे चार माणसं आहेत आपली. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणजे कुणी फारसं विचारत नाही.

शिंदे: म्हणजे सेक्रेटरी.

कुलकर्णी: शिंदे, आधी मेंटेनन्स भरा.

ओंकार: पण बाई, 'ओन्ली अ फ्यू'मध्ये 'अ' असूनही अर्थ मोजकेच असाच होतो.

गोखले बाई: ओन्ली म्हणजेच आपला 'च' रे. तो आला की 'अ'चं काही चालत नाही. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच. ते मात्र पाठच करायचं, तर्क लढवायचा नाही.

पाटील वहिनी: बादली मिळाली, थँक्यू ओंकार. बाई, विषय निघालाच आहे तर विचारते. चिन्मयचा सहामाहीत मार्क गेला. गाळलेल्या जागेत 'हाऊ मेनी राइस' लिहून आला. वर म्हणतो, दाणे मोजता येतात की.

गोखले बाई: त्याला रागावू नका, त्याची चूक मराठीतून आली आहे. आपण तांदूळ निवडले म्हणतो. पोहे भिजवले, केस गळतात, पैसे संपले. सगळं अनेकवचन. इंग्रजीत राइस, हेअर, मनी या ढिगासारख्या गोष्टी, त्यांना मच. त्यातून आपला 'किती' दोन्हीकडे चालतो, किती माणसं आणि किती पाणी. मच की मेनी हा प्रश्नच मराठी मुलाला कधी पडलेला नसतो.

पाटील वहिनी: पण पैसे तर मोजतोच ना आपण?

गोखले बाई: रुपये मोजतो. हाऊ मेनी रुपीज, हाऊ मच मनी. पाणीही मोजत नाही, बादल्या मोजतो. ओंकारने मोजल्या असतील.

ओंकार: अकरा. आता दहा.

गोखले बाई: कुठे कुठे मराठी कान कामालाही येतो. 'माहित्या' म्हणवत नाही ना? तसंच 'इन्फर्मेशन्स' नाही. सल्ले मात्र आपण भरभरून देतो, म्हणून 'अ‍ॅडव्हायसेस' लिहून मोकळे होतो. मी ३१ वर्षं त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

देसाई: आमची लेक इंग्लंडमध्ये आहे. ती म्हणते, तिकडेही यावरून वाद होतात. टेस्को सुपरमार्केटच्या झटपट काउंटरवर 'टेन आयटेम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. लोक म्हणायचे, वस्तू मोजता येतात, म्हणून लेस नाही, फ्युअर हवं. शेवटी २००८ मध्ये त्यांनी 'अप टू टेन आयटेम्स' करून टाकलं.

गोखले बाई: शहाणी माणसं. तो नियम तरी कुठला? १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने लिहिलं की 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्युअर' त्याला जास्त डौलदार वाटतं. एका माणसाची आवड, पुढे मुलांच्या बोकांडी बसली. चिन्मयने पेपरात मोजायच्या वस्तूंना फ्युअरच लिहावं, मार्क कशाला घालवा. पण वेळ, अंतर, रक्कम यांना लेस. 'लेस दॅन टेन मिनिट्स'. तिथे एकेक मिनिट सुटं धरत नाहीत, सगळा मिळून एक तुकडा.

शिंदे: टेन मिनिट्सवरून आठवलं. पाणी कधी येणार?

कुलकर्णी: टँकरवाला निघालाय. आणि मघाशी मेंटेनन्सचं बोललो म्हणून लिहितो. ऑल मेंबर्स हॅव नॉट पेड धिस क्वार्टर.

देसाई: मी २ तारखेला भरलेत. पावतीचा फोटो टाकू का?

पाटील वहिनी: आम्हीही भरलेत. ऑल कसं म्हणता?

ओंकार: काका, 'नॉट ऑल' म्हणायचंय तुम्हाला.

गोखले बाई: कुलकर्णी, हे मराठीतही असंच फसतं. 'सगळ्यांनी पैसे भरले नाहीत.' एकानेही नाही, की काहींनी नाही? एकानेही भरले नसतील तर 'नो मेंबर हॅज पेड'. काही राहिले असतील तर 'सम मेंबर्स हॅव नॉट पेड'.

कुलकर्णी: सहा जण राहिलेत. नावंच टाकतो.

शिंदे: 'सम' पुरे आहे. चांगला शब्द आहे.

सकाळी ११.२०

कुलकर्णी: टँकर आला. १०,००० लिटर. खालची टाकी भरतेय. बाई, नोटिशीत 'अ लॉट ऑफ वॉटर' लिहू की 'लॉट्स ऑफ'?

गोखले बाई: दोन्ही चालतं. मोटर लावा आधी.