उत्तर: फ्रिलच्या स्कर्टला कापड किती लागतं

वर सगळे फ्रिलला तिप्पट कापड घ्या म्हणायलेत, ते जॉर्जेट-शिफॉनला ठीक आहे, पण कॉटनला तिप्पट घेतलं की कंबरेपाशी नुसता गोळा होतो, तिथं दीडपट बास. तीन थरांच्या स्कर्टात कंबरेच्या थराचा घेर ४० इंच असला तर खालचा ६० अन् शेवटचा ९० च्या आसपास, म्हणजे ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात १२ इंच उंचीचे तिन्ही थर शिलाई धरून पावणेदोन मीटरात बसतात. टॉपही शिवायचा असला तर त्याला वेगळं सव्वा मीटर, बाहीला फ्रिल हवीच असली तर अजून थोडं. आमच्या परभणीच्या उन्हाळ्यात मलमलच घ्या, फक्त कापायच्या आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं.

अन् एक कुणी सांगितलंच नाही, चुण्या घालताना मोठ्या टाक्याच्या दोन टिपा शेजारी-शेजारी मारा, एकीवर भागत नाही. फ्रिलच्या पट्टीचे अन् वरच्या थराचे चार-चार समान भाग करून खुणा करा, त्या खुणांना टाचण्या लावा, मग बॉबीनचा (मशीनचा खालचा) दोरा एकेका भागापुरताच ओढा. अख्खी ९० इंचाची पट्टी एका दमात ओढायला गेलं की दोरा मधेच तटकन तुटतो अन् सगळ्या चुण्या सुटतात.