डी-डायमर दुप्पट, एक्स-रे तोच, ऑक्सिजनची गरज अचानक वाढली: कोविड रुग्णात फुप्फुसातली गुठळी कशी पकडायची?

वॉर्ड_रात्रपाळी (प्रश्न)

कोविड न्यूमोनिया, वय ६२, आजाराचा अकरावा दिवस. ताप गेलेला, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) उतरतोय, ४ लिटर ऑक्सिजनवर स्थिर. काही तासांत गरज १० लिटरवर गेली, नाडी ११८, बीपी ११०/७०. एक्स-रे कालच्यासारखाच. दाखल होताना डी-डायमर (गुठळीच्या शंकेत बघायची रक्ततपासणी) ९०० होता, आज १८००. पहिल्याच दिवशी एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी) झालंय, त्यात गुठळीचा उल्लेख नाही. रोजचं प्रतिबंधात्मक एनॉक्सापॅरिन (गुठळी रोखणारं हेपरिन-प्रकारचं इंजेक्शन) ४० मिग्रॅ चालू आहे. किडनीचं क्रिएटिनिन २.१, म्हणजे वाढलेलं.

डी-डायमर किती झाला की सीटी पल्मोनरी अँजिओ (शिरेत कॉन्ट्रास्ट देऊन फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी) करायची? वेल्स स्कोअर (गुठळीची शक्यता मोजणारे गुण) या रुग्णांत चालतो का? किडनीमुळे किंवा रुग्ण हलवता येत नसल्यामुळे सीटी अडली तर पुढे काय? आणि सीटी निगेटिव्ह आली तर विषय संपला असं धरायचं का?

छाती_ओपीडी

आधी एचआरसीटीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. एचआरसीटी कॉन्ट्रास्टशिवाय होते. त्यात रक्त आणि गुठळी जवळजवळ सारख्याच करड्या दिसतात. त्यामुळे त्या रिपोर्टात गुठळीचा उल्लेख नाही याला काही अर्थ नाही. शिवाय ती पहिल्या दिवसाची आहे आणि घटना आजची.

डी-डायमर हा फायब्रिन विरघळताना तयार होणारा तुकडा. कोविडमध्ये फायब्रिन वायुकोशांत आणि बारीक रक्तवाहिन्यांत साचतच असतं, त्यामुळे मोठ्या वाहिनीत गुठळी नसतानाही आकडा चढतो. अमुक आकड्याला निदान पक्कं, अशी रेषा नाही. शंका कमी असताना आकडा कमी आला तर गुठळी नाही म्हणायला ही तपासणी अजूनही कामाची आहे. मर्यादा ५००, आणि पन्नाशीपुढे वय गुणिले १०, म्हणजे या रुग्णाला ६२०. पण शंका दाट असेल तर डी-डायमरची वाट बघत बसू नये.

वेल्समध्ये नाडी १०० च्या वर असली की दीड गुण, तीन दिवस अंथरुणात असला की दीड. म्हणजे कोविड वॉर्डातला निम्मा वॉर्ड ३ गुणांवर बसलेला असतो. ४ च्या वर जायचं की नाही हे ठरतं 'दुसऱ्या कुठल्याही निदानापेक्षा गुठळीच जास्त संभवते' या ३ गुणांच्या कलमावर, आणि ते तर तुमचंच मत. स्कोअर लिहा, पण तो तुमच्याऐवजी विचार करणार नाही. पीईआरसी नियम (पुढच्या तपासणीशिवायच गुठळी नाही म्हणायचा) तर वापरूच नका. त्यात ऑक्सिजन ९५ किंवा वर असावा अशी अट आहे.

मी विसंगती शोधतो: ऑक्सिजनची गरज वाढली पण फोटोत नवं काही नाही, दाह उतरतोय पण नाडी चढतेय, एकच पोटरी सुजली, थुंकीत रक्त आलं, अचानक चक्कर आली. ईसीजी काढाच. एस१क्यू३टी३ हा गुठळीचा गाजलेला नमुना रोज दिसत नाही, नुसता सायनस टॅकिकार्डियाच (लय नीट, नाडी वेगवान) बहुतेक वेळा असतो. व्ही१ ते व्ही४ मध्ये नव्याने उलटी टी दिसली तर उजव्या बाजूवर ताण आलाय असं समजा. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा), तुंबलेला कफ, नवं बॅक्टेरियल इन्फेक्शन आणि हृदयविकार हेही याच वेळी बघा. तुमच्या वर्णनावरून या रुग्णाला सीटी पल्मोनरी अँजिओ लागेल.

लॅब_कोअॅग

एक प्रश्न. ९०० आणि १८०० हे दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे, एकाच युनिटमधले आहेत का? डी-डायमर दोन पद्धतींनी लिहिला जातो, एफईयू (फायब्रिनोजेन-इक्विव्हॅलंट युनिट) आणि डीडीयू (डी-डायमर युनिट). एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. ५०० नॅनोग्रॅम एफईयू म्हणजे अंदाजे २५० नॅनोग्रॅम डीडीयू. तोच आकडा कुणी मायक्रोग्रॅममध्ये ०.५ असा छापतं. वर सांगितलेली ५०० आणि वय गुणिले १० ही गणितं एफईयूची आहेत. डीडीयूत तीच मर्यादा वय गुणिले ५ होते.

नमुना निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये, खुणेपर्यंत भरून, ३-४ वेळा हलकेच उलटसुलट करून पाठवा. ट्यूब अर्धवट भरली की सायट्रेट जास्त पडतं आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटाच लांबतो. हेपरिन चालू असलेल्या लाइनमधून रक्त काढू नका. ऱ्हुमेटॉइड फॅक्टर जास्त असला तर काही पद्धतींत डी-डायमर खोटा वाढलेला येऊ शकतो.

वॉर्ड_रात्रपाळी

पहिला रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा, डीडीयूमध्ये. आजचा आमच्या लॅबचा, एफईयूमध्ये.

लॅब_कोअॅग

मग तो दुप्पट झालेलाच नाही, जिथे होता तिथेच आहे. पण म्हणून सीटी रद्द करू नका. संशय तुम्हाला ऑक्सिजन आणि नाडीवरून आलाय, आणि तो तसाच उभा आहे.

सीटी_कन्सोल

तंत्राबद्दल सविस्तर लिहिते, कारण कोविडमध्ये बरेच स्कॅन इथेच वाया जातात.

कोपराच्या खोबणीत १८ किंवा २० नंबरची सुई हवी, उजवा हात बरा. मनगटावरच्या २२ नंबरच्या निळ्या सुईतून हवा तो वेग मिळत नाही. साधी सेंट्रल लाइन प्रेशर इंजेक्टरला जोडू नका, फक्त त्यासाठी प्रमाणित असलेलीच चालते. कॉन्ट्रास्ट ३५० ते ३७० मिग्रॅ आयोडीनचं, ६० ते ८० मिली, सेकंदाला ४ ते ५ मिली. लगेच मागून ३०-४० मिली सलाईन त्याच वेगाने. सलाईन विसरलं तर सुपीरिअर व्हेना कॅव्हात दाट कॉन्ट्रास्ट राहतं आणि त्याच्या रेघा उजव्या वरच्या लोबच्या धमनीवर पडून खोटी गुठळी दिसते.

बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोचलं की स्कॅन आपोआप सुरू करणारी सोय) मुख्य पल्मोनरी आर्टरीवर लावा, १०० ते १५० हाउन्सफील्डला (सीटीतल्या घनतेचं एकक) स्कॅन सुटू दे. ठराविक सेकंद मोजून सोडू नका. कुणाचं हृदय धावतंय, कुणाचं थकलंय, वेळ प्रत्येकाची वेगळी. स्कॅन खालून वर घ्या. दम लागलेला रुग्ण शेवटी श्वास सोडतोच, आणि वरचा भाग त्या वेळी कमी हलतो.

श्वासाची सूचना सगळ्यात महत्त्वाची. 'खोल श्वास घ्या' म्हटलं की पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त भसकन उजव्या हृदयात येतं आणि ऐन वेळी पल्मोनरी आर्टरी फिकी पडते. 'साधा श्वास घ्या, थांबा' एवढंच म्हणा, आणि इंजेक्शनआधी दोनदा सराव करून घ्या. थांबताच येत नसेल तर जास्त पिचवर, हळू श्वास चालू ठेवून घ्या. व्हेंटिलेटरवर असेल तर होल्डचं बटण दाबून काही सेकंद थांबवा. व्हेंटिलेटरची नळी सोडवून श्वास थांबवू नका, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुस उघडं ठेवणारा दाब) जातो, फुप्फुस मिटतं आणि हवेत विषाणूही पसरतो.

वाचताना १ मिमीचे काप घ्या, विंडो रुंदी ७०० आणि पातळी १०० च्या आसपास. नेहमीच्या मीडियास्टायनल विंडोत कॉन्ट्रास्ट इतकं पांढरं दिसतं की बारीक गुठळी त्यात बुडते. कोविडमध्ये गुठळ्या बऱ्याचदा सेगमेंटल किंवा त्याहून बारीक शाखांत असतात, आणि वारंवार घट्ट झालेल्या फुप्फुसाच्या आतच. त्यामुळे कन्सॉलिडेशनमधून जाणारी प्रत्येक धमनी शेवटपर्यंत माग काढत बघावी. कफाने भरलेला ब्रॉन्कस आणि हायलर गाठ हे दोन नेहमीचे चकवे. खरी गुठळी लगतच्या कापांत आणि दुसऱ्या प्रतलातही दिसते, कडा स्पष्ट असतात. लंग विंडोत त्याच पातळीला वाहिन्या दुहेरी दिसल्या तर ती हालचाल समजा.

मुख्य धमनीत २५० हाउन्सफील्ड किंवा अधिक मिळाले तर स्कॅन उत्तम. २०० च्या खाली असेल तर 'गुठळी नाही' असं लिहू नये. 'सेगमेंटल पातळीपलीकडे सांगता येत नाही' असं स्पष्ट लिहावं. उजव्या आणि डाव्या व्हेंट्रिकलच्या रुंदीचं गुणोत्तर रिपोर्टात हवंच, १ च्या वर म्हणजे उजवी बाजू ताणलेली.

आयसीयू_बेड

क्रिएटिनिन २.१ म्हणजे सीटी बाद नाही. ईजीएफआर (किडनीचा गाळण्याचा अंदाजे वेग) काढा. ३० च्या खाली असेल तर फुप्फुसात पाणी नाही हे बघून सलाईन द्या, एनएसएआयडी (वेदनाशामकं) आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन थांबवा, आणि तरीही जीवघेणी शंका असेल तर सीटी कराच. कॉन्ट्रास्टने किडनी बिघडेल या भीतीने सुटलेली गुठळी जास्त महागात पडते.

हलवता येत नसेल तर बेडवरच दोन गोष्टी. पायांचं कॉम्प्रेशन अल्ट्रासाउंड, जांघेत आणि गुडघ्यामागे: प्रोबने दाबल्यावर शीर पूर्ण मिटली नाही तर डीव्हीटी (पायाच्या खोल शिरेतली गुठळी) आहे, आणि असा श्वास असताना सीटीशिवायही उपचार सुरू करता येतात. पाय स्वच्छ निघाले म्हणून फुप्फुस स्वच्छ ठरत नाही. कोविडमध्ये गुठळी जागच्या जागीही तयार होते. दुसरं एको: मोठं झालेलं उजवं व्हेंट्रिकल, सपाट सेप्टम, टॅप्सी (उजव्या व्हेंट्रिकलच्या आकुंचनाचं माप) १७ मिमीच्या खाली. मात्र जास्त पीप आणि एआरडीएसनेही (फुप्फुसांना झालेली तीव्र, पसरलेली इजा) उजवी बाजू फुगते, म्हणून आधीच्या एकोशी ताडून बघा. परफ्यूजन स्कॅन (फुप्फुसातला रक्तप्रवाह दाखवणारा) नॉर्मल आला तर गुठळीचं निदान बाद करता येतं, पण एक्स-रेवर पांढऱ्या दिसणाऱ्या भागातला दोष काहीच सिद्ध करत नाही.

शंका दाट आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर सीटीच्या आधीच पूर्ण डोस सुरू करा. एनॉक्सापॅरिन किलोला १ मिग्रॅ दर १२ तासांनी. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर तोच डोस दिवसातून एकदा, किंवा साध्या हेपरिनचा किलोला ८० युनिटचा बोलस आणि तासाला किलोला १८ ची ड्रिप. आज ४० मिग्रॅ केव्हा दिलंय ते तपासूनच. फॅक्टर ८ आणि फायब्रिनोजेन चढलेलं असल्याने एपीटीटी फसवतो, शक्य असेल तिथे अँटी-टेन-ए (हेपरिनचा परिणाम मोजणारी तपासणी) ०.३ ते ०.७ वर ठेवा.

नुसता डी-डायमर बघून आयसीयूत पूर्ण डोस देऊ नका. २०२१ मध्ये अटॅक, ॲक्टिव्ह-४ए आणि रीमॅप-कॅप या औषध-चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष आले: वॉर्डातल्या मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण डोसचा फायदा झाला, गंभीर रुग्णांना झाला नाही.

सिस्टॉलिक ९० च्या खाली १५ मिनिटांहून जास्त, आणि एकोत उजवी बाजू फुगलेली असेल तर हलवायच्या भानगडीत पडू नका. वर्ज्य नसेल तर गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेस १०० मिग्रॅ २ तासांत.

वॉर्ड_रात्रपाळी

सीटी झाली. उजव्या खालच्या लोबच्या एका सबसेगमेंटल (सेगमेंटलहून बारीक) शाखेत गुठळीची शंका, बाकी धमन्या स्वच्छ, व्हेंट्रिकलचं गुणोत्तर ०.८. एवढ्यावर तीन महिने रक्त पातळ ठेवायचं?

सीटी_कन्सोल

तो काप पुन्हा लावा. त्या पातळीला श्वासाची हालचाल आहे का, आणि शेजारच्या तशाच जाडीच्या शाखा नीट भरल्यात का, ते बघा. शेजारच्याही फिक्या असतील तर शंका तंत्राची. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टचं मत त्याच दिवशी घ्या.

छाती_ओपीडी

दोघांचं एकमत झालं तर दोन्ही पायांचं डॉपलर करा. इथे मात्र एकटी सबसेगमेंटल असली तरी मी उपचार करेन, कारण रुग्ण अंथरुणात आहे, आजार चालू आहे आणि प्रतिबंधात्मक डोसवर असताना ती झालीय. त्याचबरोबर एवढीशी शाखा ६ लिटर ऑक्सिजनची वाढ एकटी समजावून देत नाही. त्याच सीटीत लंग विंडो लावून नवं कन्सॉलिडेशन, खालच्या भागातला कोलॅप्स आणि कफाने बुजलेले ब्रॉन्काय शोधा. थुंकीचं कल्चर आजच पाठवा. हेपरिनवर पाचव्या दिवसापासून प्लेटलेट्स एक दिवसाआड मोजा, निम्म्यावर आल्या तर हेपरिन थांबवून एचआयटीची (हेपरिनमुळे प्लेटलेट्स घटण्याचा विकार) तपासणी करा.