रत्नागिरी की पणजी? वर्षभर भाड्याने राहायचं आहे

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच, नाशिकचे. यंदा बँकेतून निवृत्त झालो. मुलगा बंगळुरूला. नाशिकची थंडी सौ.च्या सांध्यांना आता सोसत नाही, म्हणून समुद्राजवळ कुठेतरी उबदार गावी वर्षभर भाड्याने राहून बघू म्हणतो. रत्नागिरी आणि पणजी दोन्हीकडे जाऊन आलोय, पण पर्यटक म्हणून. गणपतीपुळ्याहून परतताना जेवायला थांबलो आणि पणजीत बोटीत बसलो, इतकीच ओळख. गाडी आहे, पण मी आता फारशी चालवत नाही. संध्याकाळी पायी फिरता यावं, मासे ताजे मिळावेत, अधूनमधून नाटक-गाणं असावं, डॉक्टर जवळ असावेत. राहिलेल्यांनी सांगावं.

झाडगावकर:
रत्नागिरी. यात विचारायचं काय? पणजीत सुरमईचा भाव विचारा आणि मग बोलू.

दोन्ही_मांडवी:
दादा, माझं माहेर रत्नागिरी, नोकरी पणजीत झाली, आता परत रत्नागिरीतल्या नाचणे भागात राहते. दोन्हीकडचे शिव्या देणार हे धरूनच लिहिते.

पायी फिरायचं म्हणताय ना, मग आधी चढ बघा. रत्नागिरीत भाड्याचे फ्लॅट मिळतात ते मुख्यतः वर सड्यावर म्हणजे पठारावर, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे या बाजूला. समुद्र राहिला खाली. मांडवीच्या जेटीवर सूर्यास्त बघायला उतरून जाल, परत मात्र रिक्षाने याल. वहिनींच्या सांध्यांचं लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगते. टिळक आळीच्या आसपास खाली घर मिळालं तर गोष्ट वेगळी. बाजार, पतितपावन मंदिर, टिळकांचं जन्मस्थान सगळं हाकेच्या अंतरावर. पण तिथली जुनी घरं भाड्याने क्वचितच निघतात.

पणजीत आल्तिनोची टेकडी सोडली तर नदीकाठ सपाट आहे. फेरीबोटीच्या धक्क्यापासून निघायचं, मांडवी नदी उजव्या हाताला ठेवून कांपालच्या झाडांखालून थेट मिरामारपर्यंत. तिथे भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, सुरूच्या सावलीत टेकायला जागा आहे. दमलात तर परतायला बसगाडी आहे. वाटेतच कला अकादमी लागते, चार्ल्स कोरियांनी आखलेली. नाटक सुटल्यावर रात्री नदीकाठाने चालत घरी येणं हे सुख मला रत्नागिरीत नाही मिळालं. कॅसिनोच्या बोटींचा झगमगाट आणि त्यापायी रस्त्यावर होणारी गाड्यांची दाटी मात्र मला कधी आवडली नाही. शनिवार-रविवारी त्या बाजूला जायचंच नाही.

गाण्याच्या बाबतीत रत्नागिरीला कमी लेखू नका हं. जानेवारीत आर्ट सर्कलचा महोत्सव थिबा पॅलेसच्या आवारात होतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१६ मध्ये वारला तोवर ह्याच गावात नजरकैदेत होता. त्याच्या राजवाड्यासमोर उघड्यावर बसून ऐकलेलं गाणं बंद सभागृहात नाही जमत. फक्त वर्षातले बाकीचे महिने तुमचे तुम्ही.

मासे म्हणाल तर झाडगावकरांचं खरं आहे. सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेलात तर बांगडा, सौंदाळे असं रोजचं खाणं परवडतं. पणजीत हॉटेलवाले आधी उचलतात. पण पणजीत सकाळी पदेर म्हणजे पाववाला सायकलवर भोंपू वाजवत गरम पोई (गोव्याचा पाव) घेऊन दारात येतो, ती भरपाई थोडी नाही. आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद! पहिल्यांदा चिडाल, मग तुम्हीही झोपाल.

दवाखान्यात पणजी सरळ पुढे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अगदी जवळ आहे. रत्नागिरीतही आता शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालंय, तरी काही गंभीर झालं की लोक अजून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात.

आता महत्त्वाचं. तुम्ही ऊन शोधताय, ते दोन्हीकडे ऑक्टोबर ते मे. जानेवारीत पहाटे एक शाल पुरते, एवढीच थंडी. पण जून लागला की तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. दारं फुगतात, चादरी वाळत नाहीत, गोडा मसाला डब्यात गोळा होतो. थंडी नको म्हणून येणार आणि दमटपणाने सांधे धरले तर? शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे खाडीचे मासे नाहीतर सुकं. म्हणून डिसेंबरात घर बघायला येऊ नका. आधी जुलैत पंधरा-वीस दिवस येऊन राहा. तेव्हा आवडलं तर कायमचं आवडेल.

तुम्ही लिहिलेल्या अपेक्षांवरून मी पणजी सांगेन. मिरामारला भाडी फार, पणजीला लागूनच्या ताळगावात बघा. मुलगाही बंगळुरूहून विमानाने दाबोळी नाहीतर मोपाला उतरेल. रेल्वेला मात्र करमळी किंवा थिवी गाठावं लागतं आणि टॅक्सी खिसा कापते, हे लक्षात ठेवा.

गोदाकाठचा:
ताई, फार आभार. चढाचं डोक्यातच आलं नव्हतं. सौ. म्हणते, जुलैचं तिकीट काढाच. ताळगावात वर्षाचा करार होतो का?

सांतिनेजकर:
सहसा अकरा महिन्यांचा करतात, मग वाढवतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म द्यावा लागतो, मालक टाळत असेल तर ते घर घेऊ नका. डिसेंबरात मालकांना पर्यटक हवे असतात, पावसात ते नीट बोलतात, तेव्हा जुलैत आलात तर घरपण त्याच फेरीत बघा. बाकी झाडगावकर, सुरमई तुमची स्वस्त असेल, पण ताळगावची वांगी कधी खाल्लीत काय?

झाडगावकर:
वांगी खायला समुद्रकाठी जायचं? धन्य आहे.