दिवाळी कार्यक्रम, १ नोव्हेंबर: गाड्या कमी कशा आणायच्या?

मेधा (सचिव), सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी सभागृह पक्कं झालं. सिएटलजवळ रेडमंडमध्येच, ओव्हरलेकच्या बाजूची शाळा. भाडं गेल्या वर्षीइतकंच आहे, पण करारात एक कलम वाढलंय. गाड्या फक्त शाळेच्या आवारात लावायच्या, आजूबाजूच्या गल्ल्यांत एकही नाही. फायर लेनमध्ये (आगीच्या बंबासाठी मोकळी ठेवलेली वाट) गाडी दिसली तर न विचारता उचलून नेणार. गणपतीत शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेसमोर काय काय लागलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा या कलमावर वाद घालायला मला तोंड नाही.

आवारात निम्म्या गाड्याही मावणार नाहीत. गेल्या दिवाळीला मी नोंदणीच्या टेबलावर होते. एका घरातून दोन गाड्या येत होत्या: नवरा तालमीसाठी दुपारीच पुढे, बायको मुलांना घेऊन चारला. शिवाय एकेकटे आलेले कितीतरी. यावर काही सुचत असेल तर इथेच लिहा. व्हॉट्सॲपवर नको, तिथे मजकूर फराळाच्या फोटोंखाली गाडला जातो.

मेधा

---

स्वप्नील, बॉथेल, सोमवार, २९ सप्टेंबर

मेधाताई, तळमळ कळते, पण व्यवहार बघा. आमच्या घरून निघताना दोन मुलं, त्यांचे नाचाचे कपडे, आईंचा वॉकर आणि दीडशे करंज्यांचा डबा असतो. हे सगळं घेऊन बसने? बॉथेलहून ५३५ ने बेलव्ह्यू, तिथून ट्रेनने ओव्हरलेक. त्रिकोणाच्या दोन बाजू फिरायच्या, तिसरी गाडीने वीस मिनिटांची असताना. बॉथेल गाव आधीच दोन काउंट्यांत अर्धं अर्धं वाटलेलं. रस्ता ओलांडला की बसचा मालक बदलतो.

सिएटलला राहणाऱ्यांना सल्ले देणं सोपं आहे. आम्ही उपनगरवाल्यांनी काय करायचं?

---

गौरी, बेलव्ह्यू, मंगळवार, ३० सप्टेंबर

स्वप्नील, तुझं बरोबर आहे. सगळ्यांनी ट्रेननेच या असं कुणी म्हणत नाहीये. मी पोटापाण्यासाठी वाहतुकीचंच काम करते, म्हणून थोडं लांबलं तर सहन करा.

या कार्यक्रमाला लोक येतात चार दिशांनी, आणि प्रत्येक दिशेचं उत्तर वेगळं आहे.

बेलव्ह्यू आणि रेडमंडवाल्यांना टू लाइन ही ट्रेन आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये साउथ बेलव्ह्यू ते रेडमंड टेक्नॉलॉजी सुरू झाली आणि यंदा मे महिन्यात मेरीमूर व डाउनटाउन रेडमंडपर्यंत गेली. दर दहा मिनिटांनी गाडी, कुठूनही कुठेही मोठ्या माणसाला ३ डॉलर. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे चौघांच्या घराचं जाऊन-येऊन १२ डॉलरांत भागतं. ओर्का कार्ड (इथलं बस-ट्रेनचं कार्ड) असेल तर दोन तासांत बस बदलली तरी पुन्हा पूर्ण पैसे जात नाहीत. शाळा स्टेशनपासून पाऊण मैलावर आहे. नोव्हेंबरातला अंधार, पाऊस आणि पैठणी हे तिन्ही धरून मी म्हणेन की एवढ्या टप्प्यापुरती मंडळाने एक छोटी बस ठेवावी.

सिएटलवाल्यांना या दिवाळीला ५४५ बसच. ५२० महामार्गाच्या पुलावरून थेट येते. तलावावरच्या आय-नाइंटीच्या तरंगत्या पुलावर सप्टेंबरपासून ट्रेनच्या चाचण्या चालू आहेत आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लाइन जोडली जाईल असं जाहीर झालंय. ते झालं की गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचा नकाशाच बदलेल.

सॅममिशच्या पठारावर मेट्रो फ्लेक्स आहे: ॲपवर बोलवायची व्हॅन, भाडं बसइतकंच. पण ती आपल्या हद्दीबाहेर जात नाही आणि शनिवारच्या वेळा आधी बघाव्या लागतात. तेव्हा पठारवाल्यांनी, आणि तू म्हणतोस तसं बॉथेलवाल्यांनी, गाडीनेच यावं. फक्त भरलेल्या गाडीने. ४०५ महामार्गाच्या टोलवाल्या एक्स्प्रेस लेनमधून फुकट जायला आठवड्याच्या दिवशी गर्दीच्या वेळी तीन माणसं लागतात, शनिवारी दोनच पुरतात. गाडीत टोलचा फ्लेक्स पास लावून त्यावरचं बटण एचओव्हीवर (जास्त माणसांची गाडी) सरकवलं की टोल शून्य. वॉकर असलेल्या आईंना गाडीतून दारापर्यंत सोडा, त्यात संकोच कसला? शेजारच्या घरातला जो एकटा येणार आहे त्याला त्याच गाडीत घ्या, मागणं एवढंच आहे.

आता खरी अडचण. टू लाइनची शेवटची गाडी रात्री साडेनऊच्या आसपास निघते. आपला कार्यक्रम आजवर कधी साडेनऊला संपलाय?

गौरी

---

श्रीकांत (मुक्काम बेलव्ह्यू, मूळ डोंबिवली), मंगळवार, ३० सप्टेंबर

स. न. वि. वि.

मी लेकीकडे जुलैत आलो. या यादीत माझं नाव जावईबापूंनी घातलं, म्हणून न राहवून लिहितो.

इथे आल्यावर आमच्या वयाचा माणूस पार्सल होतो. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी पोचवायचं. लेक-जावई कामावर गेले की संध्याकाळपर्यंत खिडकी. गौरीताईंनी सांगितल्यावर ६५ च्या पुढच्यांचं सवलतीचं कार्ड काढलं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालला. एक डॉलरमध्ये मेरीमूरच्या बागेत जातो, चालतो, परत येतो. आता आम्ही चार आजोबा आणि दोन आजी असा गट आहे. स्टेशनवर फाटक नाही, तिकीट तपासायला दारात कुणी नाही. पहिल्या दिवशी फलाटावरच्या यंत्राला कार्ड टेकवलं तेव्हा आवाज आला की नाही याची खात्री वाटेना, म्हणून पुन्हा टेकवलं. मागची मुलगी हसून म्हणाली, झालंय.

डोंबिवलीला आमचा डब्यातला गट होता. दसऱ्याला डबा सजवायचा, पूजा करायची. लेट येणाऱ्यासाठी जागा धरू, पण गाडी धरणार कोण? ती कुणासाठी थांबत नसे आणि म्हणूनच सगळे वेळेवर येत. मंडळाच्या कार्यक्रमाला हे शिस्तीचं औषध लागू पडेल असं वाटतं. पत्रिकेत चार लिहायचं आणि पडदा पावणेपाचला, हे मी गणपतीत पाहिलं.

आम्ही सहाजण ट्रेनने येऊ. मुलांना आम्हाला आणायच्या फेऱ्या नकोत.

आपला,
श्रीकांत

---

अनिरुद्ध, सॅममिश, बुधवार, १ ऑक्टोबर

काका, लाख बोललात.

मी पठारावरून सिएटलच्या साउथ लेक युनियनला व्हॅनपूल (ऑफिसला एकत्र जायची व्हॅन) चालवतो, त्यावरून दोन गोष्टी सांगतो. किंग काउंटीत हा प्रकार १९७९ पासून आहे. व्हॅन, विमा, इंधन, देखभाल सगळं काउंटीचं. चालवणारा मात्र आपल्यातलाच एक, आणि पैशांचा हिशेब ठेवणारा आणखी एक. बाकीचे दरमहा ठरलेली रक्कम देतात, आणि बऱ्याच कंपन्या त्यातली बरीचशी उचलतात. ५२० च्या पुलावर २०११ च्या डिसेंबरपासून टोल आहे. तिथे साध्या गाडीत तीन काय, पाच जण बसलात तरी सवलत नाही. नोंदलेल्या व्हॅनपूलला आणि बसला मात्र माफी. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

तुमच्या ऑफिसात सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान शंभर किंवा अधिक पूर्णवेळ माणसं हजर होत असतील, तर एकट्याने गाडी आणणारे कमी करायचा कार्यक्रम राबवणं कंपनीला राज्याच्या १९९१ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी नेमलेला माणूसही असतो. त्याला गाठा, अचानक मुलाला शाळेतून आणावं लागलं तर घरी जायची काय सोय आहे ते विचारा. लोक व्हॅनपूलला नाही म्हणतात ते बहुतेक याच एका भीतीने.

पण व्हॅन टिकते ती नियमांवर. आमच्यात सुरुवातीला एक गृहस्थ रोज “दोन मिनिटांत पोचतो” असा मेसेज टाकायचे. सात माणसं थंडीत बसून त्यांची दोन मिनिटं मोजायची. शेवटी ठरवलं: ठरलेल्या वेळेनंतर एक मिनिट, मग निघायचं. दोनदा ते मागे राहिले. आता सगळ्यात आधी तेच उभे असतात, कॉफी घेऊन.

दिवाळीला ती व्हॅन मिळेल का असं आत्ताच तिघांनी वेगळं विचारलं. नाही मिळणार. ती कामावर जाण्यायेण्यासाठी आहे, ढोल-ताशे वाहायला नाही.

सॅममिशमधल्या गाड्यांची जुळवाजुळव मी करतो. नाव, गल्ली, गाडीत मोकळ्या जागा किती, आणि तालमीमुळे लवकर यायचंय का, एवढं कळवा.

---

स्वप्नील, बॉथेल, बुधवार, १ ऑक्टोबर

ठीक आहे, बॉथेल आणि केनमोरची यादी मी करतो. करंज्या माझ्याच गाडीत.

एक सुचवू का? मेरीमूर स्टेशनच्या पार्किंगमध्ये १,४०० गाड्यांची जागा आहे आणि शनिवारी ती ओस असते. सगळ्यांनी तिथे गाड्या लावायच्या आणि मंडळाच्या बसने शाळेत यायचं. ट्रेनच्या वेळेची कटकटच नको.

---

गौरी, बेलव्ह्यू, बुधवार, १ ऑक्टोबर

नको. ती जागा ट्रेन आणि बसच्या प्रवाशांसाठी आहे. मंडळाच्या कार्यक्रमाचा वाहनतळ म्हणून वापरली तर शाळेच्या शेजाऱ्यांनी केली तशीच तक्रार उद्या तिथून येईल, आणि ती रास्त असेल. गाडी लावून ट्रेनने पुढे आलात तर काहीच हरकत नाही. साउथ बेलव्ह्यूलाही १,५०० गाड्यांची सोय आहे, न्यूकॅसल-रेंटनकडून येणाऱ्यांना ते जास्त सोयीचं. रेडमंड टेक्नॉलॉजीला मात्र गाडी घेऊन जाऊ नका, तिथे जेमतेम तीनशेवीस जागा आहेत.

---

मेधा (सचिव), शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मंडळी, काल कार्यकारिणीची बैठक झाली. ठरलं ते असं.

कार्यक्रम साडेतीनला सुरू आणि पावणेनऊला पूर्ण संपलेला. संपत आलेला नव्हे. रेडमंड टेक्नॉलॉजी ते शाळा छोटी बस दुपारी तीनपासून, परतीची शेवटची फेरी ९ वाजता. तिचा खर्च दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून निघतोय. त्या बसशी जोडून आम्ही ट्रेनच्या वेळा पत्रिकेवर छापणार आहोत.

आवारातली पार्किंगची जागा नोंदणीच्या वेळीच द्यायची. पहिला मान वॉकर, व्हीलचेअर आणि तान्ही बाळं असलेल्यांचा, दुसरा स्वयंपाकाच्या गाड्यांचा, तिसरा चार किंवा अधिक माणसांच्या गाडीचा. एकट्याने गाडी आणणाऱ्याला चिठ्ठी मिळणार नाही. अध्यक्षांनी विचारलं, “मलाही?” त्यांनाही. ते आता गौरीच्या गल्लीतून तिच्याबरोबर ट्रेनने येतील.

एका मुद्द्यावर बराच वाद झाला, तोही सांगते. काहींचं म्हणणं होतं की गुढीपाडव्यापासून सभागृह बेलव्ह्यूत, स्टेशनजवळ घ्यावं. मेडनबाउअर सेंटर बेलव्ह्यू डाउनटाउन स्टेशनपासून अगदी चालत आहे. पण शाळेच्या भाड्यापुढे ते आपल्याला झेपणारं नाही, आणि तिकीट वाढवलं तर नव्याने आलेले विद्यार्थीच आधी गळतात. बस ठेवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. तलावावरची ट्रेन सुरू झाल्यावर पुन्हा हिशेब मांडू.

आणि हो, तालमींना आता मोठ्यांच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही गटांना एकाच वेळी बोलावलं आहे, म्हणजे एका घरातून दोन गाड्या निघायचं कारण उरत नाही.

मेधा

---

मंदार (नाट्यविभाग), शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पावणेनऊ?! दोन अंकी नाटक आहे, मेधा. मध्यंतर धरून सव्वादोन तास. आम्ही ऑगस्टपासून घाम गाळतोय आणि आता ट्रेनसाठी दुसरा अंक कापू?

---

मेधा (सचिव), शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मंदार, अंक कापायचा नाही. सत्कार कापलेत, प्रायोजकांची भाषणं कापलीत, आभारप्रदर्शन पत्रिकेच्या मागे छापतोय. जेवण नाटकाआधी, पावणेपाचला. लहान मुलांचा नाच त्याच्याही आधी. तुझा पडदा सव्वासहाला उघडला तर साडेआठला सुटतोस, वर पंधरा मिनिटं शिल्लक.

फक्त तो सव्वासहाला उघडायला हवा. श्रीकांतकाकांना पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसवणार आहे.

---

मंदार (नाट्यविभाग), शुक्रवार, ३ ऑक्टोबर

बरं. पण मध्यंतरात चहा लागेल, आणि नेपथ्याची गाडी मोजणीत धरा. सोफा ट्रेनमध्ये घेत नाहीत, विचारून झालंय.