क्लोरपायरीफॉस ‘पीबीटी’ म्हणायचं का? १२ अंशांचा हिशेब आपल्या रानाला लागतो का?

काळी_माती (अथणी)
२०२५ मध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं, काही सवलती ठेवून. उसाच्या वाळवी-हुमणीला आपल्याकडे हेच औषध ओततात. पीबीटी म्हणजे टिकाऊ, अंगात साठणारं आणि विषारी. यातल्या ‘टिकाऊ’वर माझी हरकत आहे. गोड्या पाण्यात अर्धायुष्य (निम्मं औषध नाहीसं व्हायला लागणारे दिवस) ४० दिवसांवर किंवा मातीत १२० दिवसांवर गेलं की शिक्का बसतो, पण १२° से. धरून. चाचणी २० अंशांवर होते, मग आकड्याला साधारण २.१ ने गुणतात. प्रयोगशाळेतले ६० दिवस कागदावर १२७ होतात. तेच गणित उलटं, २८ अंशांच्या रानाला लावा, तीसच्या आसपास येतं.

लॅबवाला
दोन वह्या एकत्र केल्यात तुम्ही. १२ अंश युरोपच्या रसायन नियमातले. स्टॉकहोमची हद्द वेगळी : पाण्यात २ महिने, माती किंवा गाळात ६ महिने. शिवाय दूरवर वाहून जातं का, हेही बघतात, आणि हे आर्क्टिकमध्ये सापडलंय. दुसरं, तुम्ही ऊन धरलं, ओल सोडली. ओईसीडी ३०७ या मातीतलं विघटन मोजायच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत माती अंधारात, ओल कायम राखून, साधारण १२० दिवस ठेवतात. एप्रिलच्या भेगाळलेल्या रानात वरच्या थरातले जंतू थंडावतात. तिथं तुमचं सूत्र काय करणार?

काळी_माती (अथणी)
उसाला पाणी चालूच असतं की हो, भेगा कुठल्या! आणि पीएच विसरलात. पाण्यात २५ अंशांना याचं अर्धायुष्य पीएच ७ ला सुमारे ७२ दिवस, ९ ला १६. आमची काळी माती ८ च्या वर आहे.

खानापूरकडचा
आणि आमची तांबडी, आम्लधर्मी माती? तीही बेळगाव जिल्ह्यातलीच ना? एका मातीवर निकाल लागत नाही म्हणूनच ३०७ मध्ये एकीवर विघटनाचा मार्ग काढतात आणि वेग निदान आणखी तीन मातींत मोजतात. अथणीचा आकडा खानापूरला चालवू नका.

लॅबवाला
काळ्या मातीची आणखी एक गोम. औषध चिकणमातीला आणि सेंद्रिय भागाला चिकटतं. द्रावक टाकून काढायला गेलं की निघत नाही आणि अहवालात ‘कमी झालं’ असं दिसतं. नाहीसं होणं आणि हाती न लागणं यात फरक आहे. म्हणून कार्बन-१४ (किरणोत्सारी खूण) लावलेलं औषध घेतात आणि काढलेला भाग, मातीत अडकलेला, वायू होऊन गेलेला असा सगळ्याचा जमाखर्च ९० ते ११० टक्क्यांत बसतो का ते पाहतात. अडकलेला भाग खरोखर जंतूंच्या शरीराचा झालाय असं दाखवता आलं नाही तर तो टिकलेल्यातच जातो.

वक्ररेषेतही गफलत होते. पहिले दहा-पंधरा दिवस आकडा झपाट्याने उतरतो, मग लांब शेपूट. एकच सरळ घातांकी रेषा मारली तर शेपूट लपतं. अशा वेळी ९० टक्के जायला लागलेले दिवस ३.३२ ने भागून अर्धायुष्य काढतात.

पाया_भरणी
शेतापुरतंच बोलताय. घराच्या पायात वाळवीसाठी २० ईसी (२० टक्के क्लोरपायरीफॉस असलेलं औषध), १ भाग औषध १९ भाग पाणी, म्हणजे १ टक्का द्रावण, चौरस मीटरला ५ लिटर ओततात. मूळ औषध ५० ग्रॅम. तेच शेतात एकरी एक लिटर फवारलं तर चौरस मीटरला ०.०५ ग्रॅम. हजारपट फरक! एवढ्या डोसात टीसीपी हा विघटनाचा घटक जंतूंनाच मारतो, मग वर्षवर्ष टिकतं.

काळी_माती (अथणी)
हे मान्य. पण पायातला डोस धरून शेताला टिकाऊ ठरवणं बरोबर नाही. आणि ‘बी’चं, म्हणजे अंगात साठण्याचं बोला. लॉग केओडब्ल्यू (पाण्यापेक्षा तेलकट भागाकडे किती ओढा, त्याचा आकडा) ४.७ ते ५, म्हणजे चाळणीची ४.५ ची हद्द ओलांडतं. पण चाळणी म्हणजे निकाल नव्हे. माशांत प्रत्यक्ष मोजलेला बीसीएफ (पाण्यापेक्षा माशात किती पट साठतं) बहुतेक २००० च्या आत आहे. युरोपच्या नियमाने तिथंच ‘बी’ पडतो.

लॅबवाला
‘बहुतेक’ हा शब्द तुम्हीच लिहिलात. कोवळ्या पिल्लांवरच्या एका चाचणीत ५००० च्या वर गेलाय. शिवाय वाढत्या माशात औषध पातळ होतं, त्याची दुरुस्ती आणि ५ टक्के चरबीला सारखं करणं, दोन्ही केल्याशिवाय आकडे शेजारी मांडू नयेत.

खानापूरकडचा
‘टी’वर, म्हणजे विषारीपणावर कुणी भांडू नये. हद्द ०.०१ मिग्रॅ/लिटर आहे, आणि डॅफ्निया (पाणपिसू) यात एका मायक्रोग्रॅमच्या आतच मरते.

काळी_माती (अथणी)
‘टी’वर भांडतोय कोण? हिडकल धरणाच्या गाळावर ओईसीडी ३०८ (पाणी-गाळातली तशीच चाचणी) लावा, आपल्या तापमानाला. अर्धायुष्य १२० दिवसांवर गेलं तर हरकत मागे घेतो. सरासरी काढून मात्र दाखवू नका.

लॅबवाला
ठीक. पण गाळ धरणात उपसलेल्या दिवशीच थंड करून न्यायचा. उन्हात ठेवला तर जंतू बदलतात आणि मग कुणाचाच आकडा धरता येणार नाही.